एका शेळीच्या किमतीचं पेन

मी पेन बोलतोय. शाईचं पेन, लाकडी, साडेआठ हजार रुपयांचं. किंमत आधीच सांगून टाकली, कारण मला पाहिल्यावर माणसं दुसरं काही विचारतच नाहीत. झरतं का, हातात बसतं का, अक्षर कसं येतं, काही नाही. पहिला सवाल एकच, "केवढ्याले घेतलं?" आकडा ऐकला की भुवया कपाळात जातात आणि जो तो आपलं गणित मांडतो. तेवढ्यात मोबाइल आला असता. तेवढ्यात दीड हजार बॉलपेनं आली असती, नातवंडांनाही पुरली असती.

सगळ्यात पक्कं गणित आमच्या जनकाबाईंचं. मी धाड गावातल्या त्यांच्या घरात आलो तेव्हा त्या ओसरीत शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच पाहिलं आणि लेकाला म्हणाल्या, "साडेआठ हजारात शेळी आली असती बावा. शेळी दूध देते, पिल्लं देते. हे काय देते?"

मला उत्तर सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, पुढे बरेच महिने सुचलं नाही.

माझा जन्म मलकापूरचा. रेल्वेच्या रुळांपलीकडे शंकररावांचं खरादाचं दुकान आहे. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला गोल आकार द्यायचं यंत्र. शंकररावांच्या आजोबांनी, वडलांनी आणि त्यांनी स्वतः त्यावर बाजांचे पाय, पाळण्यांचे दांडे आणि लाटणी काढली. मग लोखंडी पलंग आले, पाळणे प्लॅस्टिकचे झाले आणि खरादावर दिवसदिवस पोतं पडून राहू लागलं. त्याच सुमारास गावातली एक जुनी जिनिंग पाडली. तिच्या दरवाज्याची शिसवी चौकट शंकररावांनी हातगाडीवर घालून आणली आणि तिची पेनं काढायला घेतली. किती वर्षं कापसाच्या गाड्या त्या चौकटीतून आत-बाहेर गेल्या असतील कोण जाणे. तिच्याच वीतभर तुकड्यातून मी निघालो.

मला घडवायला त्यांना तीन दिवस लागले. मालगाडी आली की दुकानाची जमीन थरथरायची. शंकरराव लगेच पटाशी मागे घ्यायचे, "जाय माय, तू जाय आंधी," असं गाडीला म्हणायचे आणि ती गेल्यावरच पुन्हा हात लावायचे. अंगाला ना व्हार्निश, ना पॉलिश. नुसतं जवसाचं तेल, तेही तळहाताने चोळून चोळून जिरवलेलं. निब तेवढी परदेशातून मागवलेली. बाकी मी सगळा मलकापूरचा.

आता किमतीचं. शंकरराव म्हणाले होते, दीड हजार. त्यांची लेक डिंपल फोनवर पेनांचे फोटो टाकायची. ती म्हणाली, "बाबा, दीड हजार सांगतले तं लोकं म्हणतीन माल हलका हाय. साडेआठ सांगा, मंग पाहा." शंकररावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पण काय सांगू, दीड हजारात ज्या पेनाकडे चार महिने कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते साडेआठ हजारात आठ दिवसांत गेलं.

मला घ्यायला धाडहून दोन एसट्या बदलून प्रेमानंद सर आले. हायस्कुलात मराठी शिकवतात. पन्नाशीला टेकलेले, केसांचा भांग अगदी सरळ, बोलणं वर्गात असल्यासारखं खणखणीत. त्यांना आपल्या आईचं चरित्र लिहायचं होतं. ते आईच्या पोटात असताना वडील गेले. जनकाबाईंनी लोकांच्या शेतात निंदणखुरपण करून त्यांना शिकवलं, मास्तर केलं. "माह्या मायवर लिहायचं तं साध्या बॉलपेननं नाई लिहिणार," असं ते शंकररावांना म्हणाले. हे ऐकून माझं लाकूड सुखावलं. म्हटलं, वा, चांगल्या कामाला लागलो.

घरी येताच सरांनी कोरी करकरीत दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, 'माझी आई'. खाली एक सुंदर रेघ ओढली. मग पंख्याकडे पाहिलं. मग चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर माझं टोपण लावलं आणि मला शोकेसमध्ये ठेवलं. झालं चरित्र!

शोकेसमध्ये माझ्या एका बाजूला शिक्षकदिनाची सन्मानचिन्हं होती आणि दुसऱ्या बाजूला काचेचा ताजमहाल. पाहुणे आले की मला बाहेर काढायचं, किंमत सांगायची आणि परत आत. घरात सक्त ताकीद होती, "याले कोणी हात लावायचा नाई. निब हाताले वळते. एकाचं पेन दुसऱ्यानं धरलं की बिघडलंच समजा." बोलणं खरं होतं सरांचं. निब लिहिणाऱ्याच्या हाताची सवय धरते, हे मीच तुम्हाला सांगतो. पण ज्या हाताची सवय मी धरायची, तो हात तर रविवारी फडकं घेऊन मला फक्त पुसायला यायचा. राग यायचा हो! शाईचा एक थेंब मुद्दाम त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सोडावा असं दोनदा मनात आलं. सोडला नाही, एवढंच.

असं वर्ष गेलं. दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या लेकीचा, समताचा साखरपुडा झाला. समता जालन्याला दवाखान्यात नर्स आहे. मुलगा प्रसेनजित, दुसरबीडचा. त्यांच्या समाजात लग्न लागलं की बौद्धाचार्य मांडवातच नोंदीचा कागद भरतात आणि दोन्हीकडचे साक्षीदार तिथंच सह्या करतात. त्यावरून बोलणं निघालं तेव्हा समता म्हणाली, "माझ्या कागदावर साक्षीदार आजीच पाहिजे. आजीनंच मला वाढवलं."

सर हसले. "मंग शाईचं पॅड आणा लागीन. मायचा तं अंगठा असते!"

सगळे हसले. जनकाबाईही हसल्या. पण मी शोकेसच्या काचेतून पाहत होतो. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली सरकवली. रेशनच्या दुकानात, बँकेत, जिथं जिथं अंगठा दिला तिथून परतताना त्या असंच करायच्या म्हणे. निळा डाग पदराला घासत घासत घरापर्यंत यायच्या.

हे मला पुढे कळलं. आणखीही एक कळलं. सर नवीन नवीन मास्तर झाले तेव्हा त्यांनी आईला पाटी घेऊन बसवलं होतं. जनकाबाईंनी ज काढला, तो उलटा आला. पुन्हा काढला, पुन्हा उलटा. सर वर्गातल्या आवाजात ओरडले, "पहिलीच्या पोरीले येते माय, तुले काऊन येत नाई?" आणि पाटी ओढून घेतली. जनकाबाई "मले भाकरी टाकाच्या हायेत" म्हणून उठल्या, त्या पुन्हा पाटीकडे वळल्या नाहीत. सर ते विसरूनही गेले. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हाताखाली लिहायला शिकली, आई तेवढी राहिली.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सर बाहेर गेल्यावर, जनकाबाई सुनेला म्हणाल्या, "सुवर्णा, इकडे ये वं. मले माह्यं नाव शिकव. पण प्रेमानंदले सांगशीन तं पाह्य!"

सुवर्णा म्हणजे सरांची बायको. बोलायला कमी, पण बाई धीराची. तिनं बॉलपेन दिलं. आता त्या हाताचं काय सांगू तुम्हाला! पन्नास वर्षं खुरपं धरलेली बोटं, सांधे जाड झालेले, नीट मिटत नाहीत. बॉलपेन त्यांच्यातून सटकन निसटायचं. चार वेळा धरलं, चार वेळा पडलं. जनकाबाईंनी ते फेकलंच. "राहू दे वं. हे हातात हाय का नाई तेच समजत नाई मले."

सुवर्णानं शोकेसकडे पाहिलं. माझं लाकूड धडधडलं.

"आत्याबाई, थे जाड हाय. धरून पाहा."

"अन् तो आला तं?"

"पाचच्या आत येत नाईत."

जनकाबाईंनी मला हातात घेतलं. लिहायला धरतात तसं नाही, खुरपं धरतात तसं, अख्ख्या मुठीत. मग एकेक बोट सैल करत खाली सरकवलं. अंगठ्याने माझं लाकूड चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे खुरप्याच्या मुठीवाणी हाय वं सुवर्णा. हे नाई सुटणार."

आणि खरंच, त्या दिवसापासून मी त्यांच्या हातातून सुटलो नाही.

रोज दुपारी दोन ते साडेचार आमची शाळा. कागद कसला, तर किराण्याच्या खाकी पुड्या फाडून सरळ केलेल्या. त्या खरबरीत कागदावर माझी निब घासून निघायची. ज उलटाच यायचा. जनकाबाई स्वतःला शिव्या घालायच्या, मला घालायच्या, एकदा तर ज ला घातल्या. खूप दाबून लिहायच्या आणि पेन वरून खाली न नेता स्वतःकडे ओढायच्या, तण उपटल्यासारखं. माझी निब हळूहळू डावीकडे वळली, तिच्या दोन पाती किंचित फाकल्या. दुखलं का? थोडं दुखलं. पण शोकेसमधल्या वर्षभरापेक्षा ते परवडलं.

त्यांना मिसरी लावायची सवय. मिसरीचं बोट तसंच मला लागायचं. प्लॅस्टिकचा असतो तर पुसला गेलो असतो. मी लाकूड पडलो, सगळं पिऊन घेतलं.

इकडे शाईची बाटली खाली खाली जाऊ लागली. सरांच्या लक्षात आलं. बाटली उजेडात धरून ते म्हणाले, "औंदा हवा लय कोरडी हाय. शाई आटून राह्यली." सुवर्णा पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात गेली.

जानेवारीत एका दुपारी ज सरळ आला. मग न, मग का. तीन अक्षरं, वाकडी, एक शेळीएवढं आणि एक कोंबडीएवढं, पण होती. जनकाबाई कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. "जल्मभर लोकायनं मले याच नावानं हाका मारल्या," त्या म्हणाल्या, "पण हे दिसते कसं, थे आज पाह्यलं." आणि रडल्या. सुवर्णाही रडली. मलाही भरून आलं आणि कागदावर एक टपोरा थेंब पडला. दोघींना वाटलं, शाई गळली.

लग्नाला सहा दिवस उरले आणि घोटाळा झाला. सरांना लहर आली की जवळच्या नातलगांच्या पत्रिकांवर नावं या भारी पेनानं घालावीत. त्यांनी मला धरलं, सरळ, मास्तरी पद्धतीनं. निबेनं कागद खरवडला. दुसरी पत्रिका घेतली, तिच्यावर डाग पडला. तिसरी फाटली.

"पाह्यलं? साडेआठ हजार पाण्यात!" सरांचा आवाज चढला. "लुबाडलं मले त्या मलकापूरवाल्यानं! उद्याच जातो. एक तं निब सुधरून दे, नाईतं पैसे वापस दे."

जनकाबाईंच्या हातातली तांदळाची परात तशीच राहिली. "लग्नाच्या धावपळीत कुठी जातं बावा? राहू दे ना."

"नाई म्हंजे नाई!"

रात्र माझी कशी गेली ते माझं मला माहीत. निब सरळ केली की मी जनकाबाईंच्या हातात चालणार नाही. दुसरं पेन त्यांना धरवत नाही. पाच दिवसांत नव्यानं कोण शिकवणार? मांडवात सगळ्यांसमोर ते शाईचं पॅड पुढे येणार आणि चार महिन्यांच्या दुपारी वाया जाणार.

मलकापुरात शंकररावांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग भिंग डोळ्याला लावून माझी निब पाहिली. माझ्या अंगावरून बोट फिरवलं. नाकाशी नेऊन मला हुंगलं.

"सर, राग येऊ देऊ नका," ते म्हणाले. "या पेनानं तुमी लेहलंच नाई."

"म्हंजे?"

"हे लय चाललं हाय. रोज चाललं. पण हात तुमचा नाई. हा हात दाबून लिहिते, अन् लिहिते काय, वढते. सोताकडे. खुरपं वढतेत ना, तसं." त्यांनी मला हातात वाकडं धरलं, कागदावर रेघ ओढली. मी सुळकन् गेलो. "पाहा. निब बिघडली नाई. थे दुसऱ्याची झाली. अन् तुमच्या घरी मिसरी कोण लावते?"

बाहेरून मालगाडी चालली होती, दुकान थरथरत होतं. गाडी पूर्ण जाईपर्यंत सर माझ्याकडे पाहत उभे होते. मग स्टुलावर बसले आणि चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले.

"सरळ करून देतो," शंकरराव म्हणाले. "पाच मिनिटाचं काम हाय. पण मंग तो हात गेला याच्यातून."

"नका करू." सरांचा आवाज वर्गातला नव्हता. "हात नका लावू त्याले. कितीचं हाय हे पेन, शंकरराव?"

"खरं सांगू का सर? म्या दीड हजाराचं म्हणलं व्हतं."

"मंग तुमाले किंमत समजत नाई," सर म्हणाले आणि मला खिशात घालून निघाले.

घरी येऊन त्यांनी मला शोकेसमध्ये ठेवलं, शेजारी शाईची नवी भरलेली बाटली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "शाळेत जादा तास हायेत. लग्नापर्यंत सहाच्या आंधी येणार नाई मी." जनकाबाईंनी ते खाली मान घालून ऐकलं. सर गेले तशा त्या धावतच माझ्याकडे आल्या आणि कागदावर ज काढून पाहिला. आला! त्यांनी मला कपाळाला लावलं.

लग्नाच्या सकाळी मात्र सरांनी मला गुपचूप आपल्या खिशात घातलं. तिथूनच मला ऐकू आलं, जनकाबाई शोकेसपाशी कुजबुजत होत्या, "सुवर्णा, थे पेन नाई वं तठी! आता कसं करू?"

मांडव भरला होता. वंदना झाली, मंगल परिणय लागला, फुलं पडली. बौद्धाचार्य इंद्रभान टेबलाशी बसून कागद भरू लागले. पोरीकडचा साक्षीदार म्हणून त्यांनी जनकाबाईंना बोलावलं. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. सवयीनं त्यांनी पॅडचं झाकण उघडलं आणि पुढे सरकवलं. "या मावशी. अंगठा द्या."

"अंगठा नाई," जनकाबाई म्हणाल्या. "सई."

इंद्रभानांनी आश्चर्यानं वर पाहिलं आणि आपलं बॉलपेन दिलं. जनकाबाईंनी ते धरलं. पहिल्याच रेघेला ते बोटांतून निसटून खाली पडलं. मागे कुणीतरी हसलं. "जाऊ द्या मावशी, अंगठा बी चालते," इंद्रभान मायेनं म्हणाले. जनकाबाईंची मूठ पदराकडे जाऊ लागली.

तेवढ्यात सर पुढे आले. त्यांनी मला खिशातून काढलं, टोपण काढलं आणि आईपुढे धरलं. सरळ नाही. वाकडं, खुरपं धरतात तसं.

जनकाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "तुले कोणं सांगतलं?"

"पेनानं," सर म्हणाले. "माय, त्या टायमाले पाटी वढून घेतली, चुकलं माह्यं."

"मागून बोल थे," जनकाबाई म्हणाल्या. "आंधी दाखव, कुठी लिहू?"

आणि आम्ही दोघांनी लिहिलं. ज. न. का. शेवटचा काना चौकटीच्या बाहेर जाऊन खालच्या साक्षीदाराच्या जागेत घुसला. जनकाबाईंनी मान तिरपी करून एकदा सगळं नीट पाहिलं, मग पॅडचं झाकण स्वतः लावलं आणि ते इंद्रभानांकडे परत ढकललं. मांडवात टाळ्या पडल्या. समता शालूचा विचार न करता आजीच्या गळ्यात पडली आणि रडता रडता म्हणाली, "आता सांग आजी, शेळी बरी होती का पेन?"

"शेळी तं पायजेच," जनकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण शेळीनं माह्यं नाव नसतं लेहलं."

तर हे माझं उत्तर, जे मला इतके महिने सुचत नव्हतं. माझी किंमत साडेआठ हजार आहे का दीड हजार, यावर तुम्ही खुशाल भांडा. मला विकत घ्या असंही मी म्हणत नाही. पण घेतलंत, किंवा दुसरं कुठलंही पेन घेतलंत, तर लिहा हो त्यानं. आणि घरात कुणी मूठ पदराखाली लपवत असेल, तर तिच्या हातात ते देऊन पाहा. निब बिघडेल. बिघडू द्या.

आता मी शोकेसमध्ये राहत नाही. जनकाबाईंच्या उशाशी, मिसरीच्या डबीजवळ असतो. परवा सरांनी मला हात लावला, तर म्हातारी केवढ्यानं ओरडली, "ठेव तठी! निब बिघडते. तुह्यं तू दुसरं घे." सरांनी मुकाट्यानं ठेवलं.

सरांचं चरित्र काही पुढे गेलं नाही. पण आता जनकाबाई सगळी बाराखडी शिकल्यात. चुकतात, पण अडत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी ती दोनशे पानी वही मागून घेतली. पहिल्या पानावरचं सरांचं 'माझी आई' त्यांनी खोडलं नाही, फक्त पान उलटलं. आता दुपारचे दोन वाजलेत. चष्मा चढलाय, सुवर्णानं चहा आणून ठेवलाय आणि जनकाबाई मला हाक मारतायत. माझं सांगणं इथंच पुरे. मला त्यांचं लिहायचंय.

पहिली ओळ झाली आहे. वाकडी आहे, पण वाचता येते.

'मी जनका बोलते.'